सत्तावन्नाव्या पानावरचा त्रिकोण

मी एक पिशवी बोलतेय. गोणपाटाची, दोन कानांची, आतून जांभळ्या लुगड्याचं अस्तर असलेली. पिशवीचं बोलणं कोण कशाला ऐकेल, ही शंका मला पहिल्या वाक्यापासूनच आहे. शिवाय जे सांगायचं ते सांगावं की पोटात ठेवावं, हेही अजून ठरत नाही. पोटात ठेवणं हाच माझा जन्माचा धंदा. पण आता माझी शिवण उसवत चालली आहे, तेव्हा बोलून टाकते.

मी पिशवी म्हणून जन्मले नाही. आधी मी पोतं होते. माझ्यात तूरडाळ भरलेली असायची. हमालांच्या आकड्यांनी पडलेली दोन भोकं माझ्या पाठीवर अजून आहेत. वाशीच्या धान्यबाजारात मला ट्रकवरून गाळ्यात आणि गाळ्यातून टेम्पोत नेणाऱ्या माथाडींत एक हौसेराव होता. साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यातला. चाळिशी ओलांडलेली, छाती दाराएवढी. एक्क्याण्णव साली ट्रकला लावलेल्या फळीवर त्याचा पाय सरकला. तो खाली आणि मी त्याच्या कमरेवर. त्यात माझी चूक होती का? वजन माझं होतं, एवढं मात्र खरं. हा विचार मी अजून करते.

तीन महिने तो इस्पितळात उताणा पडून होता. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण घरी जाताना उशाखाली एक पुस्तक विसरून गेला. सातवी शिकलेल्या हौसेरावानं अक्षरं जुळवत जुळवत ते वाचलं आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. ‘अकरावी पायरी’ हे त्या रहस्यकथेचं नाव आणि डॉ. शिवराम देवस्थळी हे लेखकाचं.

त्या गोष्टीतलं रहस्य उलगडतं कोण, तर एक हमाल. एका जुन्या बंगल्यात खून झालेला असतो. मग एक पाहुणा येतो आणि म्हणतो, मी या घरात आज पहिल्यांदाच पाऊल टाकतोय. जिना अंधारा, आणि त्याची अकरावी पायरी करकरणारी. पाहुणा वर चढतो, त्याच्या मागून ट्रंक घेऊन हमाल चढतो. हमालाच्या पायाखाली पायरी करकरते. पाहुण्याच्या पायाखाली करकरलेली नसते. तो ती न बघता ओलांडून गेलेला असतो. ज्यानं घर कधी पाहिलंच नाही, त्याच्या पायांना ही पायरी कशी ठाऊक?

“वझं वाहनारा मानूसच पायऱ्या मोजतो,” हौसेराव बायकोला, गोजराला, म्हणायचा. “हे त्या लेखकाला कळलं कसं? कदी पोतं उचललं आसंल का त्यानं?”

बरं झाल्यावर ओझं उचलायला बंदी. मग त्यानं नेरूळच्या एका खोलीत वाचनालय काढलं. घरपोच वाचनालय: सोमवारी आणि गुरुवारी पुस्तकं लोकांच्या दारात. गाळ्यावरच्या मित्रांनी त्याला भेट म्हणून काय दिलं असेल? मला. रिकामी करून, झटकून. गोजरा चिडली.

“ज्यानं कंबर मोडली, तेच घरात आनलं व्हय?”

“त्याचीच पिशवी कर. आता त्यानं माझं वझं उचलायचं.”

गोजरानं दाभण आणि सुतळी घेऊन एका दुपारीत मला पिशवी केलं. अशी मी पुस्तकांच्या धंद्यात आले. हौसेराव सायकलवर बसत नसे, कमरेला सोसत नसे. सायकल हातात धरून चालवायचा आणि मी दांडीला लटकलेली. सेक्टर, इमारत, मजला. सगळ्या इमारती एकमेकींच्या जुळ्या बहिणी असल्यासारख्या, पण त्याचा पत्ता कधी चुकला नाही.

वाचनालयाच्या वाचकांची एक खोड असते. वाचलेल्या पुस्तकांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येकजण आपल्या ठरलेल्या पानावर आपली गुपचूप खूण करून ठेवतो. पुन्हा ते पुस्तक हातात आलं, तर पान बघायचं आणि परत करायचं. एक बँकेतले साहेब एकविसाव्या पानावर बारीक सही करायचे. पलीकडच्या इमारतीतल्या राजाबाई नवव्या पानावर कुंकवाचं बोट टेकवायच्या. हौसेरावाला सगळ्यांच्या खुणा पाठ. “हे तुमी वाचलंया, मावशी. नववं पान बघा,” म्हणून तो आधीच पुस्तक बदलून द्यायचा.

आणि सत्तावन्नाव्या पानावर, आतल्या समासात, पेन्सिलीनं काढलेला गव्हाच्या दाण्याएवढा त्रिकोण. ती खूण डॉ. शिवराम देवस्थळींची.

होय, तेच. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. चौऱ्याण्णव साली ते नेरूळला राहायला आले, तिसऱ्या मजल्यावर. दारावरची पाटी वाचून हौसेराव मला छातीशी धरून बराच वेळ नुसता उभा राहिला होता. घंटा वाजवायला त्याचा हात होईना. शेवटी डॉक्टरांच्या पत्नी राजलक्ष्मीबाईंनीच दार उघडलं.

“काय हवंय? मीटर बघायला आलात का?”

“न्हाई बाई. मी… अकरावी पायरी.”

“इथे लिफ्ट नाही हो, पण पायऱ्या बऱ्याच आहेत,” बाई म्हणाल्या. आतून डॉक्टर हसले. त्यांना मी त्यानंतर फार वेळा हसताना ऐकलं नाही.

डॉक्टर म्हणजे एक किडकिडीत, सतत चष्मा पुसणारे गृहस्थ. सत्तरी गाठलेली. सदतीस रहस्यकथा लिहिल्या, पण कुणी ‘लेखक’ म्हटलं की इकडेतिकडे बघायचे. “विद्वानांत मी रहस्यकथावाला आणि रहस्यकथावाल्यांत मास्तर,” असं म्हणायचे. दार दोनदा लावून बघायचे. पत्र पेटीत टाकल्यावर पेटीत हात घालता येतो का ते बघायचे. माझंही तसंच आहे, म्हणून मला ते आवडले असावेत.

रहस्यकथाकार काय वाचतो, हे मला कळलं ते त्यांच्याच दारात. हौसेरावाला वाटलं होतं की हे खुनाच्या पुस्तकांचा फडशा पाडतील. पहिल्याच सोमवारी त्यानं माझ्यातून चार रहस्यकथा काढल्या. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

“ही नकोत. मी लिहायला लागल्यापासून रहस्यकथा घरात येऊ देत नाही. तीस वर्षं झाली.”

“का वो? हलवाई मिठाई खात न्हाई, तसं?”

“दुसऱ्याचं आपल्यात कधी उतरतं ते कळत नाही, हौसेराव. चोर निदान जागा असतो.”

मग ते काय मागत? जुनी पाककृतींची पुस्तकं. “कुठला मसाला कुठली चव झाकतो, हे तिथेच कळतं.” शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, कारण त्यात माणसांची खरी नावं सापडतात. सापांवरचं पुस्तक. रेल्वे अपघातांच्या चौकशीचे अहवाल. आणि एका दीपगृहाच्या रखवालदाराची रोजनिशी, जिच्यात दोनशे पानं काहीही घडत नाही. ती ते दर वर्षी एकदा पुन्हा नेत. “काही घडत नसताना माणूस कशाकडे बघतो, ते या गृहस्थाला माहीत होतं,” म्हणत. नवं पुस्तक हाती आलं की दारातच उभं राहून पंधरा-वीस पानं वाचायचे. खुनाचा आळ शेवटी घरगड्यावर येणारी गोष्ट त्यांना मुळीच चालत नसे.

“तो लेखक आळशी असतो,” ते म्हणत.

“गरिबावर ढकललं की सुटला,” हौसेराव पुस्ती जोडायचा.

“सत्तावन्नच पान का?” असंही त्यानं एकदा विचारलं होतं.

“छप्पन्न पानांपर्यंत कुठलंही पुस्तक सोडून देता येतं. पुढे गेलो, म्हणजे वाचलं.”

असं दोन वर्षं चाललं. मग शहाण्णवचा उन्हाळा आला, आणि त्याबरोबर माझ्या पोटातलं दुखणं.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं डॉक्टरांना पत्र आलं. विषय: माझं वाचन, माझ्या प्रेरणा, माझी आवडती पुस्तकं. ऑगस्टअखेर लेख हवा. डॉक्टरांनी कच्चा खर्डा लिहिला आणि दारातच हौसेरावाला वाचून दाखवला. पाककृती आल्या, रोजनिशी आली. आणि शेवटी हे वाक्य: ‘इतरांकडून मी पुष्कळ शिकलो. अकराव्या पायरीची कल्पना मात्र माझी स्वतःची आहे.’

तिथे ते अडखळले. चष्मा काढून पुसला.

“हे वाक्य मला झोपू देत नाही.”

राजलक्ष्मीबाई आतून म्हणाल्या, “मग खोडा आणि झोपा. ते वाक्य नसलं तर अंक निघायचा राहणार आहे का?”

“तसं नाही गं. सदतीस पुस्तकांत हीच एक कल्पना लोकांच्या लक्षात आहे. ती तरी माझी आहे का, एवढं मला मरायच्या आधी कळायला हवं. तरुणपणी मी ठाण्याच्या वाचनालयातून आठवड्याला पाच-पाच पुस्तकं आणायचो. काय वाचलं, काही आठवत नाही.”

हौसेराव चटकन म्हणाला, “त्या वाचनालयाची पुस्तकं माज्याकडं हायेत की! ते बंद पडलं, मागल्या म्हैन्यात टेम्पो भरून आनली.”

नको तिथे तोंड उघडलं, असं मला तेव्हाच वाटलं. पण मी कोण सांगणार?

त्या पुस्तकांची हातानं लिहिलेली यादी डॉक्टरांनी मागवली. ‘अकरावी पायरी’च्या आधी छापलेल्या सगळ्या रहस्यकथांपुढे लाल टिंब केलं. एकतीस. “ही आणा. सत्तावन्नावं पान बघू. त्रिकोण असेल तर मी वाचलेलं, मग आत पायरी आहे का ते शोधू. नसेल, तर प्रश्न मिटला.” तीस वर्षांचा नियम मोडून त्यांनी रहस्यकथा घरात घेतल्या.

पाच-पाच करून मी ती नेली. हौसेराव प्रत्येक पुस्तक देण्याआधी दुपारी गोजराला मोठ्यानं वाचून दाखवायचा. तिला अक्षरओळख नव्हती, पण कान घारीच्या डोळ्यासारखा. डॉक्टर दर वेळी दारातच पान उघडत. त्रिकोण असला की श्वास अडकायचा, पुस्तक चाळून पायरी सापडली नाही की सुटायचा. तीस पुस्तकं झाली. एकोणीस त्रिकोण, पण पायरी एकातही नाही. डॉक्टर जरा ताठ चालू लागले होते.

एकतिसावं पुस्तक पातळसं होतं. ‘डोंगरवाडीचा पाहुणा’. एकोणीसशे एक्कावन्न सालचं. लेखकाच्या नावाच्या जागी नुसतं ‘एक शिक्षिका’. हौसेराव वाचत होता, गोजरा लसूण सोलत होती, मी खुंटीला होते. गोष्टीत घर होतं. अंधारा जिना होता. बाहेरगावचा पाहुणा होता. वर खाटेवर पडलेली एक आंधळी म्हातारी होती. आणि म्हातारीला ऐकू आलं की पायरी वाजली नाही.

गोजराचा हात थांबला.

“अवो, ही तर डॉक्टरांचीच गोष्ट.”

हौसेराव सत्तावन्नावं पान उघडून बघत राहिला. गव्हाच्या दाण्याएवढा त्रिकोण तिथे होता.

“त्यांनी चोरली?” गोजरानं विचारलं.

“न्हाई! चोरनारा मानूस आसा यादी घेऊन हुडकत बसंल का? इसरलेत त्ये. वाचली, आन् इसरले.”

“मग सांगा जाऊन.”

“मरतील गं. तेवडी एकच तर हाय त्यांची. आन् माजीबी.”

पुढचे पंधरा दिवस ते पुस्तक माझ्या तळाशी, अस्तराखाली, जात राहिलं आणि परत येत राहिलं. मी डाळीची पोती पाहिली आहेत. शंभर किलो मी पोटात वागवले आहेत. पण त्या एकशेवीस पानांएवढं जड मला काही लागलं नाही.

“एकतिसावं?” डॉक्टर दारात उभेच असायचे.

“वाळवी लागलीया त्याला. नीट करतो आन् आनतो.”

गुरुवारी, “सापडंना झालंय.” सोमवारी, “बांधनीला दिलंया.”

“हौसेराव, वाळवी, हरवणं आणि बांधणी, तिन्ही एकाच पुस्तकाला कसं? एक कारण धरून ठेवा, मग पटतं,” डॉक्टर म्हणाले. रहस्यकथाकारासमोर खोटं बोलायचं म्हणजे सोनाराच्या दुकानात पितळ विकायला काढणं. ते हसले, पण त्या हसण्यात भीती होती. ऑगस्टचे बाराच दिवस उरले होते.

त्या दुपारी हौसेरावानं कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून खोडरबर आणलं. गोजरा म्हणाली, “नका करू. ठिगळ लपवायला जाल, तर त्येच आदी दिसतं. मी पिशव्या शिवते, मला म्हाईत हाय.”

“त्रिकोन न्हाई म्हंजी वाचलं न्हाई. दोघांना एकच सुचलं, आसं म्हनतील. सुचतंच की!”

मांडीवर मला अंथरून, माझ्यावर पुस्तक ठेवून, त्यानं त्रिकोण खोडला. जपून, नखाएवढ्याच जागेत. रबराचे काळसर कण माझ्या अंगावर पडले. त्यानं मला झटकलं. सगळे गेले नाहीत, काही माझ्या शिवणीत अडकून राहिले. मी बोलू शकले असते तर तेव्हाच बोलले असते का? ठाऊक नाही. त्याचं प्रेम मला कळत होतं, आणि चूकही.

गुरुवारी बाहेर मुसळधार पाऊस होता. शेवटचं घर डॉक्टरांचं. गोणपाट पुन्हा पावसात भिजायला नको म्हणून डॉक्टर म्हणाले, “पिशवीसकटच ठेवा. सोमवारी घेऊन जा.” हौसेरावाचा हात माझ्या कानातून लवकर सुटेना. मग तो जिना उतरला. एकही पायरी न मोजता उतरला असावा, इतका भराभर.

डॉक्टरांनी मला खुर्चीला अडकवलं. पुस्तक काढलं. सत्तावन्नावं पान.

“नाही,” ते म्हणाले. “राजी, त्रिकोण नाही! वाचलेलं नाही मी हे.”

“देव पावला. आता तो लेख पोस्टात टाका आणि मला दळण आणून द्या.”

त्यांनी चहा घेतला. लेखाची घडी घालून पाकिटात ठेवली. मग, आता काही धोका नाही म्हणून, तीस वर्षांत पहिल्यांदा एक रहस्यकथा नुसती मजेखातर वाचायला बसले. पाय खुर्चीवर घेऊन, पोराटोरासारखे. मी त्यांच्या मानेपाशी लटकत होते, त्यामुळे त्यांचा श्वास मला कळत होता. जिन्याच्या पानाशी तो थांबला.

ते पुस्तक तसंच धरून बसले. मग सत्तावन्नावं पान पुन्हा उघडलं आणि खिडकीशी गेले. पान उजेडात तिरकं धरलं. पंचेचाळीस वर्षांचा पिवळा पडलेला कागद, आणि आतल्या समासात नखाएवढी जागा पांढुरकी. रसायनाच्या माणसाला याहून काय सांगायला हवं? त्यांनी मला खुर्चीवरून काढलं, टेबलावर उलटं केलं आणि शिवणीवर टिचक्या मारल्या. रबराचे चार कण पडले.

आयुष्यात एकदाच माझी साक्ष घेतली गेली, आणि ती मी ज्याची पिशवी त्याच्याच विरुद्ध दिली. इच्छा नसताना.

“कुणीतरी खोडलाय,” डॉक्टर म्हणाले.

राजलक्ष्मीबाई हातातली उलथणी घेऊनच बाहेर आल्या. सगळं ऐकलं. खाली बसल्या.

“त्यानं तुमच्यासाठी केलं.”

“म्हणून तर जास्त लागतं.”

“हे बघा, त्या बाईंचं पुस्तकावर नावसुद्धा नाही. असल्या तर नव्वदीच्या असतील. कुणाला कळणार आहे? पाकीट बंद करा.”

“तिला कळणार नाही. वाचणाऱ्यांना कळणार नाही. हौसेरावाला कळलंय, आणि तो माझ्याकडे त्याच डोळ्यांनी बघत राहणार. ते मला कसं झेपेल?”

शुक्रवार, शनिवार, रविवार ते घरात येरझाऱ्या घालत होते. मला वाटे, त्यांच्या पायाखालच्या फरशांनाही आता आवाज फुटेल. मधेच पाकीट उघडायचे, वाक्य वाचायचे, बंद करायचे. एकदा दरवाजापर्यंत जाऊन परत आले. “विसरणं हा गुन्हा आहे का गं?” त्यांनी विचारलं.

“विसरणं नाही,” बाई म्हणाल्या. आधी त्याच पाकीट बंद करा म्हणत होत्या. एवढं बोलून त्या तांदूळ निवडू लागल्या.

रविवारी संध्याकाळी डॉक्टर टेबलाशी बसले. शाईचं पेन काढलं. आधी पुस्तकात काहीतरी केलं, मग लेखाचं शेवटचं पान फाडून नवं लिहिलं. मला दिसलं नाही, फक्त निबेचा आवाज ऐकू आला. पुस्तक त्यांनी माझ्यात ठेवलं आणि मला थोपटलं. गोणपाटाला कोण थोपटतं?

सोमवारी हौसेराव आला तो दारात मान खाली घालून. डॉक्टरांनी मला त्याच्या हातात दिलं.

“हौसेराव, एक सांगून ठेवतो. जुन्या कागदावर रबर चालवू नये. वरचा पिवळा थर निघतो आणि डाग पडतो. पुढच्या वेळी पावाचा गाभा घ्या. शिळा.”

हौसेरावाच्या हातातून मी पडता पडता राहिले.

“डॉक्टर, मी… माज्यानं बगवलं न्हाई.”

“माझ्यानंही.”

“लेख?”

“आज सकाळीच टाकला. पेटीत हात घालून बघितला, परत निघत नाही.”

जिन्याच्या वळणावरच हौसेरावानं पुस्तक उघडलं. सत्तावन्नावं पान. त्या पांढुरक्या जागेत त्रिकोण होता. पेन्सिलीचा नव्हे, शाईचा. चांगला ठसठशीत, आणि खाली पूर्ण सही.

दिवाळीच्या तोंडावर अंक आला. तो डॉक्टरांकडे न्यायच्या आधी हौसेरावानं गोजराला वाचून दाखवला. मी खुंटीवरून ऐकलं. पाककृती, स्मरणिका, रोजनिशी, सगळं होतं. शेवटचं तेवढं नवं होतं:

‘माझी सर्वांत आवडती रहस्यकथा कोणती, हे मला यंदा कळलं. ती मी विशीत वाचली आणि विसरलो. ‘डोंगरवाडीचा पाहुणा’. लेखिका, एक शिक्षिका. मी त्या घरात कधी गेलोच नाही, असं मी तीस वर्षं सांगत आलो, पण अंधारात माझे पाय ती पायरी बरोबर ओलांडून गेले होते. माझ्याच गोष्टीतला पाहुणा मी निघालो. पायरी त्या बाईंची आहे. त्यांच्या गोष्टीत हमाल नाही. हमाल तेवढा माझा.’

हौसेरावानं अंक मिटला. गोजरानं पदर डोळ्यांना लावला, आणि मग तिचं ते नेहमीचं सुरू झालं. “बगा, म्हनलं हुतं का न्हाई? ठिगळ दिसू द्यावं.”

“हमाल तेवडा माजा,” हौसेराव पुन्हा म्हणाला, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. इतका ताठ उभा राहिलेला मी त्याला बाजार सुटल्यापासून पाहिला नव्हता.

पुढे काय झालं? तशी फार काही आग लागली नाही. दोघा-तिघांनी डॉक्टरांना खोचक पत्रं लिहिली. एका प्रकाशकानं नवी आवृत्ती पुढे ढकलली, ती आजतागायत आलेली नाही. डॉक्टरांनी ‘डोंगरवाडीचा पाहुणा’ पुन्हा छापावा म्हणून चार ठिकाणी पत्रं घातली. त्या शिक्षिकेचा ठावठिकाणा लागला नाही. ते नाव नसलेलं नाव त्यांना अजून टोचतं. आणि ते आता रहस्यकथा वाचतात, अधाशासारख्या. आठवड्याला पाच. तीस वर्षांचा उपास सुटावा तशा. “अजून काय काय माझं नाही, ते बघतोय,” म्हणतात, आणि हल्ली असं म्हणताना हसतातही.

आता अठ्ठ्याण्णव संपत आलंय. हौसेरावानं नवी पिशवी घेतली आहे, निळ्या रेक्झिनची, चेनवाली. मी खुंटीवर असते. माझ्यात गोजरा लसूण ठेवते. माझं काम संपलं म्हणून दुःख नाही. पण एक शंका जात नाही. त्या दिवशी माझ्या शिवणीनं ते कण सोडले नसते, तर डॉक्टरांना हौसेराव सापडला नसता. मी इमान राखलं की मोडलं? मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला कळलं, तर मला येऊन सांगा.

आणि एक विनंती. तुमच्या घरी जुनी पुस्तकं असतील, तर कधीतरी त्यांची मधली पानं उघडून बघा. तुमची खूण सापडली, तर खोडू नका. गोजरानं मला कितीही झटकलं तरी रबराचे दोन कण माझ्या शिवणीत अजून अडकलेले आहेत. ते मी राहू दिलेत.